बारा लाल आकडे

सासरेबुवांनी अकरा वर्षांत जावयाला आपल्या स्कूटरला बोट लावू दिलं नव्हतं, आणि आता तीच स्कूटर आणायला त्यालाच पाठवायची वेळ आली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी त्याला समोर बसवून सूचना दिल्या. समोर बसवून असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात सासरेबुवा बोलत होते ते जावयाच्या डाव्या कानामागच्या कपाटाशी.

आठ महिन्यांपूर्वी ते लेकीकडे राहायला आले तेव्हापासून हे असंच चाललं होतं. लेकीशी बोलताना ते तिचा हात हातात घेऊन बोलत आणि जावयाशी बोलताना कपाटाकडे, पंख्याकडे, फार तर दाराच्या कडीकडे बघत. जावई कापडाच्या दुकानात विक्रीला होता. दिवसभर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचण्यावर त्याचं पोट होतं. आपल्या तोंडाकडे बघायचीही ज्याला इच्छा नाही अशा माणसाला रोज सकाळी चहा नेऊन देणं त्याला जिवावर यायचं. तरी तो द्यायचा, कारण बायकोने डोळे वटारले असते.

"मीटरवर नव्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव," सासरेबुवांनी कपाटाला सांगितलं, "आणि पुढे लाल आठ. लाखाला किती कमी?"

"एक पूर्णांक दोन किलोमीटर."

"म्हणजे बारा लाल आकडे. त्यातले तीन गल्लीत जातील. पिकअप आत येत नाही, घरापासून रस्त्यापर्यंत तीनशे मीटर ढकलत न्यावी लागेल. ते मी धरलेत. नऊ मला इथे पाहिजेत."

सासरेबुवा बत्तीस वर्षं वीज खात्यात मीटर रीडर होते. त्याच स्कूटरवरून दारोदार हिंडून त्यांनी लोकांचे मीटर वाचले, सीलच्या तारा अंगठ्याने चाचपल्या आणि कितीतरी चोऱ्या पकडल्या. दुसऱ्यांचे आकडे वाचण्यात जन्म गेल्यावर माणसाला एकदा स्वतःचा आकडा बघावासा वाटला तर त्यात वावगं काही नाही. पाचही काळ्या घरांत एकदम शून्य येताना बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण लाखाला बारा आकडे कमी असताना त्यांनी एका शेजाऱ्याचं फाटक ठोकलं. ते त्यांना दिसलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मधली नजर चाललीय, कडेची राहील, आणि तीही किती दिवस ते सांगता येत नाही. त्याच दिवशी त्यांनी स्कूटर जिन्याखाली लावली आणि किल्ली लेकीच्या हातात दिली. आता जुन्या घराच्या मालकाला जागा हवी होती, आणि बारा आकडे डोळ्यांच्या आधी संपवायचे होते.

"मामा, एक सुचवू?" जावई म्हणाला. "निघताना मीटरची केबलच काढून ठेवतो. बाराच्या बारा आकडे शाबूत येतील."

कपाटाकडे बघणारी नजर तशीच राहिली, पण कपाळावर आठ्या चढल्या. "चाक फिरतंय आणि मीटर बंद. आमच्या खात्यात याला काय म्हणतात माहीत आहे?"

"मग पिकअपमधून आणणं म्हणजे काय?"

"पिकअपमध्ये चाक फिरतं का? नाही ना? मग मीटर फिरायचं कारणच नाही. तो हिशोब सरळ आहे." मग म्हणाले, "तुमची ती चार बोटांची सवय इथे नको."

चार बोटांचा विषय निघाला की जावयाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुकानात कापड मोजताना तो मापापुढे चार बोटं जास्त सोडून कात्री लावायचा. गिऱ्हाईक खूश, मालकाची हरकत नाही, मग यांचं काय जातं? पण सासरेबुवांना ते कधीच पटलं नाही. मोजायचं तर नीट मोजा, नाहीतर डोळे मिटून वाटा, असं त्यांनी लग्नाच्या बोलणीतच ऐकवलं होतं.

रात्रीच्या एसटीने जावई जुन्या घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पिकअप तिथल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. चालकाला सगळे दोरीदादा म्हणत, आणि का म्हणतात ते त्याच्या गाडीकडे बघितल्यावर विचारावं लागत नसे. सीटखाली दोर, सीटमागे दोर, आरशाला गुंडाळलेला दोर. माणूस आडवा, बोलायला तोफ.

जावई जिन्याखालून स्कूटर काढून ढकलत आला. हवा कमी होती, आठ महिन्यांची धूळ बसली होती आणि इंजिनाने तर मौनच धरलं होतं. तो दर दहा पावलांनी वाकून मीटर बघत होता. लाल आठचा नऊ झाला, नऊचा शून्य होताना शेजारचा काळा आठ सरकून नऊ झाला, आणि गल्लीच्या तोंडाशी लाल घरात एक आला. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव पूर्णांक एक. म्हाताऱ्याचं गणित काटेकोर होतं, हे कबूल करावंच लागलं.

"स्टँडवर लावू का?" फळीवरून स्कूटर वर चढवल्यावर त्याने विचारलं.

"स्टँडवर?" दोरीदादा असा बघत राहिला की जणू कुणी त्याला गाडी उलटी चालवायला सांगितलं. "स्टँडवरची गाडी पहिल्या खड्ड्यात उडी मारते. गाडी कायम चाकांवर. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवायचं, मधे पोतं, गिअर पहिला, आणि चारी बाजूंनी दोर. खाली दाबून बांधायची, स्प्रिंग बसेपर्यंत. आरशाला दोर बांधणारे महाभाग पण बघितलेत मी."

"पुढचं चाक हलणार नाही ना? अजिबात?"

"माझ्या दोरात माणूस बांधला तर श्वास घेताना विचारून घेईल."

जावई केबिनमध्ये बसला तो मान मागे वळवूनच. मीटरचं तोंड पलीकडे होतं, पण मागच्या काचेतून हँडल अगदी समोर दिसत होतं, आणि ते तसूभरही हलत नव्हतं. तासाभराने सासरेबुवांचा फोन आला. "लाल किती?" जावई म्हणाला, "एक." पुढच्या तासाला पुन्हा, "लाल किती?" पुन्हा "एक." दोरीदादाला आधी हसू आलं, मग सगळी हकिकत कळल्यावर तो गंभीर झाला आणि एकदा उगाचच थांबून सगळ्या गाठी तपासून आला.

दुपारी नदीच्या पुलापाशी गाड्यांची रांग लागली होती. पुढे लाल झेंडा घेऊन एक रखवालदार उभा होता. पुलाच्या सांध्याला भेग सापडली होती, सकाळपासून चारचाकी बंद. माणसं चालत जाऊ शकत होती, दुचाकी हातात धरून नेता येत होती.

"वळसा आहे की," जावई म्हणाला.

"आहे. पंच्याऐंशी किलोमीटरचा, आणि सगळा घाट. उभी दुचाकी घेऊन मी घाटात जात नाही. एकदा गेलो होतो." त्यापुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. फोन काढून तो कुणाशी तरी मोठ्याने बोलला आणि परत आला. "काम झालं. पलीकडे माझा एक दोस्त अडकलाय, त्याच्याकडे शाळेची आठ बाकं आहेत, ती अलीकडे यायची आहेत. तुमची स्कूटर त्याच्या गाडीत, त्याची बाकं माझ्या गाडीत. आम्ही असं नेहमी करतो. तुम्ही फक्त पूल ढकलत पार करा."

"पूल केवढा आहे?"

"दोन्हीकडचा भराव धरून बाराशे मीटर असेल."

शिल्लक नऊ आकडे, पूल बारा आकड्यांचा. म्हणजे म्हाताऱ्याने आठ महिने जपून ठेवलेला तो क्षण इथे, नदीवर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना येऊन जाणार. त्याने हातगाडीची चौकशी केली. हातगाडी कुठली असायला? मग दोरीदादाने आणि त्याने पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर गाडी न्यायचा प्रयत्न केला. पंधरा पावलांत दोघांचीही कंबर बोलायला लागली आणि रखवालदार हसून हसून खाली बसला.

"केबल काढा की," दोरीदादा घाम पुसत म्हणाला. "चाकाजवळ एक नट आहे. पक्कड देतो."

"नाही चालणार त्यांना."

"त्यांना सांगतंय कोण?"

जावई स्कूटरजवळ उकिडवा बसला. त्याला खरंच कळत नव्हतं काय करावं. सांगितल्याप्रमाणे वागावं तर म्हाताऱ्याची आयुष्यातली एकुलती एक हौस बुडते. न वागावं तर ती हौस पुरी होते, फक्त खोटी. पण त्यांना कुठे कळणार आहे खोटी ते? ते समोर उभे राहतील, शून्यं येतील, त्यांचा चेहरा उजळेल. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असं काही आलं की जावयाचा हात आपोआप चार बोटं पुढे सरकायचा. आताही सरकला. त्याने पक्कड घेतली, नट सैल केला, केबल ओढून बाहेर काढली आणि दोरीने बांधून ठेवली.

मग तो ढकलत निघाला. मीटरकडे त्याने बघितलंच नाही. बघायचं काही नव्हतंच, लाल एक जागच्या जागी होता. पण त्याच्या मनाला काही चैन पडेना, आणि दहाएक पावलं गेल्यावर स्कूटर तशीच मागे ओढत तो पुन्हा झेंड्यापाशी आला आणि पावलं मोजत निघाला. त्याचं पाऊल पाऊण मीटरचं होतं. रोज कापड मोजणाऱ्या माणसाला हे आपल्या नावासारखं पाठ असतं. समोरून डोक्यावर बाकं घेतलेली माणसं येत होती, त्यांना वाट देताना आकडा चुकू नये म्हणून तो मोठ्याने मोजत होता. बाराशेव्या पावलाला, म्हणजे नऊशे मीटरवर, तो थांबला. तिथे दिव्याचा एक खांब होता, त्यावरचा दिवा फुटलेला होता. जावई खांबाकडे क्षणभर बघत उभा राहिला. मग पुढे निघाला. पलीकडच्या पिकअपपाशी आकडा सोळाशे झाला.

त्याने केबल पुन्हा बसवली आणि नट पिळला. पलीकडचा चालक दोर बांधण्यात दोरीदादाच्या पासंगाला पुरला नसता, त्यामुळे जावयाने स्वतःच चारी दोर खाली दाबून बांधले. तेवढ्यात फोन वाजलाच.

"लाल किती?"

"एक," जावई म्हणाला. मीटरवर एकच होता. तरीही फोन ठेवल्यावर त्याने पुन्हा एकदा वाकून नटाकडे बघितलं.

पाचच्या सुमारास पिकअप घरासमोरच्या मैदानापाशी पोचली. सासरेबुवा फाटकात काठी धरून उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारी लेक उभी होती. स्कूटर खाली उतरली. सासरेबुवांनी सीटवरून हात फिरवला, मुठी दाबून बघितल्या, मग गुडघे धरत हळूहळू खाली बसले आणि त्यांचा अंगठा पुढच्या चाकाकडे गेला. बत्तीस वर्षं सील चाचपणारा अंगठा तो. नटावर येऊन थांबला, एकदा फिरला, मग त्यांनी तो नाकाजवळ नेला.

"इथे धूळ हवी होती," ते म्हणाले. "इथे तेल आहे."

लेकीला काही कळलं नाही, पण नवऱ्याचा पडलेला चेहरा तिला दिसला. "मी पाणी आणते," म्हणून ती आत गेली.

"किती?" सासरेबुवांनी विचारलं.

एकदा वाटलं, कानावर हात ठेवावेत. पण जावयाच्या तोंडून आकडा गेलाच. "बाराशे मीटर. वाटेत पूल बंद होता, ढकलत आणावी लागली. तुमचे नऊ आकडे नदीवरच संपले असते. मला ते बघवेना, म्हणून केबल काढली."

"बाराशे हा अंदाज?"

"नाही. पावलं मोजली. सोळाशे भरली. माझं पाऊल पाऊण मीटर."

"चार बोटं जास्त?"

"एक बोटही नाही."

सासरेबुवा खालीच बसले होते. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. ओठ घट्ट मिटलेले होते. जावयाला आपली स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली, आणि कीव आल्याबद्दल पुन्हा लाज वाटली.

"म्हणजे लाख झाले," ते शेवटी म्हणाले. "कुठे झाले?"

"बाराशेव्या पावलाला. तिथे मी थांबलो होतो. दिव्याचा खांब आहे. दिवा फुटलाय."

"तुम्ही थांबलात?"

"हो. म्हटलं, कुणीतरी थांबायला पाहिजे."

सासरेबुवांनी हात पुढे केला. जावयाने तो धरून त्यांना उठवलं. अकरा वर्षांत हात धरायची ही पहिलीच वेळ.

"मीटर बंद पडणं हा गुन्हा नसतो," ते म्हणाले. "आम्हाला बंद मीटर रोज सापडायचे. वहीत शेरा लिहायचा, मीटर बंद, इतकं वापरलं असावं, आणि पुढच्या घरी जायचं. बंद होता ते न सांगणं, तो गुन्हा. फोनवर तुम्ही 'एक' म्हणालात."

"चुकलं, मामा."

"चुकलंच." त्यांनी काठी फाटकाला टेकवून ठेवली आणि स्कूटरची उजवी मूठ धरली. "चला. मीटरवर नऊ उरलेत ना? शेऱ्यासकट बघू."

मैदानाभोवती फरसबंद रस्ता होता, एक फेरी साडेचारशे मीटरची. जावई डावी मूठ धरून ढकलू लागला, सासरेबुवा उजवीकडून चालू लागले. खेळणारी मुलं एकदा बघून पुन्हा खेळायला लागली. दुसरी फेरी अर्ध्याच्या पुढे गेली तेव्हा लाल घरात आठ आला होता. जावयाने मान वर केली तर सासरेबुवा थेट त्याच्याकडे बघत होते. तोंडाकडे, डोळ्यांत डोळे घालून. तो गोंधळलाच.

"मामा, मीटर खाली आहे. तुम्ही माझ्याकडे काय बघताय?"

"तुमच्याकडे कुठे? मीटर बघतोय." चालता चालता ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का? मधोमध डाग आहे. ज्याच्यावर नजर लावीन तेच पुसलं जातं. काही बघायचं असेल तर बाजूला बघावं लागतं, मग कडेने दिसतं. आत्ता तुमच्या जागी मला पांढरं धुकं आहे. मीटर मात्र झकास दिसतोय."

जावयाला एकदम ते कपाट आठवलं. मग पंखा आठवला, दाराची कडी आठवली. रोज सकाळी चहा घेऊन जाताना म्हातारा आपल्या कानामागे बघत बसायचा आणि आपण मनातल्या मनात कुढत परत यायचो. आठ महिने.

"मला वाटायचं," तो म्हणायला लागला.

"लक्ष द्या. नऊ आला."

त्याने लक्ष दिलं. लाल नऊ हळूहळू वर सरकू लागला. त्याच्या शेजारचा काळा नऊ हलला, मग त्याच्या शेजारचा, आणि मग पाचही आकडे एकमेकांना ओढत, थोडे थरथरत, एकदमच वर गेले. जावयाने चाक थांबवलं. सासरेबुवा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाच शून्यं," ते म्हणाले. "आणि लाल शून्य."

"हो."

"आता वाचा. नीट वाचा, शेऱ्यासकट."

जावई मीटरवर वाकला. "एक लाख एक पूर्णांक दोन. पुलावर मीटर बंद. बाराशे मीटर, पावलांनी मोजले. जावयाच्या हातून."

"बरोबर," सासरेबुवा म्हणाले. आठ महिन्यांत नव्हे, अकरा वर्षांत त्यांनी जावयाला हा शब्द म्हटला नव्हता.

मग त्यांची नजर सरकली. जावयाच्या चेहऱ्यावरून निघून ती त्याच्या डाव्या कानामागे, मैदानाच्या कुंपणाकडे गेली आणि तिथे स्थिर झाली. कुंपणापाशी काहीच नव्हतं. जावयाने हाताच्या मागच्या बाजूने कपाळावरचा घाम पुसला, कॉलर सारखी केली, आणि त्यांचं बघून होईपर्यंत मान न हलवता उभा राहिला.